थडग्याच्या दगडांतलं शेतघर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक समुद्रात, आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. त्यातल्या नॉर्थ युइस्ट बेटावर क्लेट्रव्हल नावाची एक बुटकी टेकडी आहे. झाड नाही, आडोसा नाही आणि वारा बारमाही. तिच्या उतारावर दगडांची एक लांबट रास पसरली आहे. पूर्वेच्या टोकाला मोठाल्या शिळा उभ्या रोवलेल्या दिसतात. पश्चिमेकडे गेलं की त्याच राशीत घुसलेली एक गोल भिंत लागते. शिळा आहेत थडग्याच्या आणि भिंत आहे एका शेतकऱ्याच्या घराची. दोन्हींचा दगड एकच, जागा एकच, आणि मधलं अंतर तीन हजार वर्षांचं.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका वाचनालयात मी या जागेची चित्रं दाखवत होते. मंडळी बहुतेक निवृत्त, मराठी, गायकवाडी काळापासून इथे स्थायिक झालेल्या घरांतली. चित्रं संपली तशी पहिल्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, “अगं, थडग्यावर घर बांधून त्यांना झोप कशी लागायची?” हा प्रश्न मला फार आवडला, कारण पुराणवस्तू अभ्यासणाऱ्या लोकांकडून नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो. आपण थडग्याचं वय काढतो, घराचं वय काढतो, पण घरातल्या माणसाला शेजारी काय आहे हे ठाऊक होतं का, आणि असेल तर त्याचं काय वाटत होतं, याकडे नंतर वळतो. काकांच्या प्रश्नाकडे येतेच. त्याआधी ही रास मुळात बनते कशी ते पाहू.

शेती नुकती अंगवळणी पडलेल्या लोकांनी युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर आपल्या मृतांसाठी दगडी खोल्या बांधल्या. क्लेट्रव्हलसारखी थडगी साधारण इ.स.पू. ३८०० ते ३००० या काळातली. आधी मोठ्या शिळा उभ्या करून एक लांब, अरुंद खोली करायची. आत आडव्या शिळा रोवून तिचे कप्पे पाडायचे. वरून सपाट शिळांचं छत टाकायचं आणि मग खोलीभोवती नि खोलीवर हजारो दगड रचून रास उभी करायची. एका टोकाला तोंड ठेवायचं, म्हणजे आत जाता येईल. इथे एकेका माणसाचं एकेक थडगं नसे. पिढ्यान् पिढ्या मृत आत ठेवले जात, आधीची हाडं बाजूला सारली जात, कधी कवट्या एका कोपऱ्यात लावल्या जात. स्कॉटलंडच्याच उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर क्वांटरनेस इथलं थडगं पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू यांनी १९७२ ते १९७४ या काळात उकरलं, तेव्हा आतल्या हाडांवरून निदान १५७ माणसं मोजली गेली. पुढच्या फेरतपासणीत हा आकडा बराच खाली आला. एवढ्या मिसळलेल्या हाडांतून माणसं मोजणं किती कठीण आहे ते यावरून कळावं. काही शतकांनी असं थडगं वापरातून जाई, तोंड बुजवलं जाई आणि रास गवताखाली जाई.

पुढच्या काळात त्या बेटांवर हवा दमट होत गेली. न कुजलेल्या झाडपाल्याचा काळा थर, ज्याला पीट म्हणतात, तो मैलोन् मैल पसरला. जिथे पूर्वी धान्य पिकत होतं तिथे पाय रुतायला लागला. झाडी तर जवळपास संपली. अशा ओल्या, उघड्या माळावर दगडाची जुनी रास म्हणजे काय, याचा शेतकऱ्याच्या डोक्याने विचार करा. पाणी निथळून जाणारी उंच कोरडी जागा. वाऱ्याला पाठ देणारा आडोसा. आणि मुख्य म्हणजे फोडून, वाहून, एका ठिकाणी आणून ठेवलेला बांधकामाचा दगड, फुकट.

ख्रिस्तजन्माच्या आगेमागे कुणीतरी क्लेट्रव्हलच्या राशीच्या शेपटाकडचा भाग मोकळा केला आणि तिथे घर बांधलं. ज्या घाटाचं हे घर आहे, त्याला इंग्रजीत चाकघर अशा अर्थाचं नाव आहे, आणि तो घाट मला विलक्षण हुशारीचा वाटतो. बाहेरची भिंत गोल. तिच्यापासून आत, मध्याच्या दिशेने, चाकाच्या आऱ्यांसारखे दगडी खांब येतात. मधोमध चूल. दोन खांबांच्या मध्ये एकेक कोनाडेवजा खोली: कुठे निजायचं, कुठे दाणे ठेवायचे. प्रत्येक खोलीवर दगड थोडे थोडे पुढे सरकवत छत मिटवून घेतलेलं. त्यामुळे लाकूड लागे ते फक्त मधल्या गोलापुरतं. जिथे लाकूड म्हणजे समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेला ओंडका, तिथे हा सगळा आटापिटा लांब तुळई न मिळण्यावरचा तोडगा आहे. क्लेट्रव्हलच्या घरात आणखी एक बारकावा आहे. खांब बाहेरच्या भिंतीला थेट चिकटलेले नाहीत. मध्ये माणूस जाईल एवढी फट आहे. म्हणजे चुलीजवळच्या माणसांना न उठवता एका खोलीतून दुसरीत जाता येई.

सर लिंडसे स्कॉट यांनी इथलं थडगं १९३०च्या दशकात उकरलं आणि घराबद्दल १९४८ साली सविस्तर लिहिलं. घराशेजारी त्यांना जोडबांधकामं आणि आवाराची भिंत मिळाली, आणि त्यांनी याचा अर्थ असा लावला की हे निव्वळ राहतं घर नव्हे, गोठा-कोठारासकट पूर्ण शेतवस्ती आहे. मला स्कॉट यांचं मोल इथे वाटतं. त्या काळात बहुतेकांचं लक्ष थडग्यावर असे आणि वरचं “नंतरचं काहीतरी” म्हणून बाजूला सारलं जाई. त्यांनी शेतकऱ्यालाही पानं दिली.

आता अवघड भाग. रास एकच, दगडही तेच. मग कुठला दगड पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी रचला आणि कुठला दोन हजार वर्षांपूर्वी, हे ओळखायचं कसं? दगडाच्या अंगावर वय लिहिलेलं नसतं. दगडाचं वय काढलं तरी ते खडक कधी बनला ते सांगेल, आणि तो आकडा आपल्या काही कामाचा नाही.

कामाला येतो तो क्रम. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी कळ कापात आहे. घराची भिंत घालायची तर आधी राशीत खाच मारावी लागते. ती खाच ज्या थरांना कापते, ते सगळे थर तिच्याआधीचे. खाचेत नंतर भरलेली माती तिच्यानंतरची. उत्खनन करणारा माणूस ब्रश आणि करणी घेऊन तासन् तास बसतो तो ही एक रेघ शोधायला: इथे दगड मूळच्या रचनेप्रमाणे एकमेकांवर रेलले आहेत, आणि इथून पुढे ते अचानक सैल, मातीत बुडालेले, तिरके पडले आहेत. ती रेघ म्हणजे खाचेची कड. ती एकदा सापडली की थडगं आणि घर वेगळे करता येतात. जागा मोठी असली की असे शेकडो थर आणि काप निघतात. ते डोक्यात मावत नाहीत. म्हणून प्रत्येकाला क्रमांक देऊन कोण कुणाच्या आधी याचा तक्ता काढतात. १९७३ साली एडवर्ड हॅरिस यांनी ही तक्त्याची पद्धत बसवली आणि ती आज जगभर चालते.

क्रम कळला की वस्तूंकडे वळायचं, पण जपून. तुमच्या अलकापुरीतल्या फ्लॅटमध्ये आजीने जपलेला एखादा बाबाशाही रुपया असेल, तर फ्लॅट काही बडोदा संस्थानच्या काळातला ठरत नाही. शेजारीच एखादं मोबाइलचं चार्जर पडलेलं असेल, तर फ्लॅट नक्की चार्जर आल्यानंतरही वापरात होता. थराची तारीख त्यातली सगळ्यात नवी वस्तू ठरवते, जुनी नव्हे. थडग्याच्या दगडांतून बांधलेल्या घरात थडग्याच्या काळातली खापरं मिसळणारच. घर बांधणाऱ्यांनी राशीत हात घातला तेव्हाच ती वर आली. हा नियम विसरला, की लोखंड वापरणाऱ्या माणसाचं घर नवाश्मयुगात, म्हणजे थडगं बांधणाऱ्यांच्या काळात, जाऊन बसतं.

वर्षांचा आकडा मिळतो कार्बनवरून. जिवंत प्राणी आणि झाडं हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ सतत घेत असतात. मेल्यावर घेणं थांबतं आणि आत असलेला हळूहळू कमी होतो, ५,७३० वर्षांत निम्मा. थडग्यातलं साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं हाड मिळालं तर त्यात जवळजवळ निम्मा उरलेला असतो. चुलीतल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात पाऊण हिश्श्याहून थोडा जास्त. फरक स्पष्ट आहे. अडचण वेगळीच येते. पीटची आम्लयुक्त माती हाडं खाऊन टाकते. आणि कोळसा जर ओंडक्याच्या गाभ्याचा असेल, तर चूल पेटण्याच्या शे-दोनशे वर्षं आधीचा आकडा देतो. म्हणून आता शक्यतो जळलेला धान्याचा दाणा तपासतात. तो एकाच हंगामाचा असतो.

स्कॉट यांनी थडगं उकरलं तेव्हा ही पद्धत नव्हतीच. विलर्ड लिबी यांनी ती १९४९ साली जगापुढे मांडली. त्याआधी ब्रिटनमधल्या अशा थडग्यांचं वय इ.स.पू. २०००च्या आसपास समजलं जाई. कार्बनने ते दीड-दोन हजार वर्षांनी मागे नेलं. एका फटक्यात थडगं आणि शेतघर यांमधली दरी जवळपास दुप्पट झाली. शेतकरी जागचा हलला नाही, पण त्याचे “पूर्वज” त्याच्यापासून फार लांब गेले.

किती लांब? गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे. त्याच्यापासून आपण सुमारे २,२७० वर्षांवर आहोत. क्लेट्रव्हलचा शेतकरी आपल्या अंगणातल्या थडग्यापासून याहूनही दूर होता. आणि त्याच गिरनारच्या शिळेने मला हा प्रश्न नीट समजावला. तिच्यावर इ.स. १५०च्या सुमारास रुद्रदामनने लेख कोरला, पुढे पाचव्या शतकात स्कंदगुप्ताच्या काळातला तिसरा. रुद्रदामनचा लेख सुदर्शन तलावाची डागडुजी सांगताना म्हणतो की हा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या पुष्यगुप्त या प्रांताधिकाऱ्याने बांधवला आणि अशोकाच्या वतीने तुषास्फाने त्याला पाट काढले. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांची नावं! हे शक्य झालं, कारण लिखाण होतं. क्लेट्रव्हलला लिखाण नव्हतं. तीन हजार वर्षं नुसत्या तोंडी गोष्टीवर “हे आमच्या लोकांचं थडगं” हे ज्ञान टिकलं असेल, असं मला वाटत नाही. पण “ही जागा साधी नाही, हे आपल्याआधीच्या कुणाचं तरी आहे” एवढं मात्र उभ्या शिळा बघून कुठल्याही काळातल्या माणसाला कळतं.

काही अभ्यासक म्हणतात की या शेतकऱ्यांनी मुद्दामच थडगी निवडली. जमिनीवर हक्क सांगायचा तर पूर्वजांच्या शेजारी राहण्यासारखा पुरावा नाही. मला हे अर्धं पटतं. नुसता दगड हवा होता म्हणावं, तर हेब्रिडीजमध्ये दगडाला तोटा नाही. शिवाय हे एकाच जागी झालेलं नाही. क्वांटरनेसला इ.स.पू. ७००च्या सुमारास थडग्याच्या तोंडाशीच, राशीत कापून, गोल घर बांधलं गेलं. ऑर्कनीतच स्ट्रॉमनेसजवळ हाउ इथे तर थडग्यावर पुढची हजारो वर्षं एकावर एक बांधकामं होत गेली. लोहयुगात लोकांनी जुन्या थडग्याच्या आत शिरून त्याचं तळघर केलं, वर भक्कम बुरूजवजा घर उभारलं आणि शेवटी तिथे साधी शेतवस्ती राहिली. इतक्या वेळा घडलेली गोष्ट योगायोग म्हणून सोडता येत नाही. पण प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात पूर्वजपूजा भरून देणं मला घाईचं वाटतं. दारात कोरडी जागा, तयार दगड आणि मोठ्यांचा आधार, या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माणूस घराची जागा निवडताना एकाच कारणाने निवडत नाही.

आता काकांची झोप. थडग्याची भीती ही आपण जगातल्या सगळ्यांवर लादतो आणि तिथेच फसतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी दीर्घ उत्खननं केली, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. तिथे मेलेलं मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, आडवं ठेवून पुरत, आणि पुरत ते बहुधा घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. मोठ्या माणसांनाही घरातच पुरत आणि कित्येकांचे पाय घोट्यापाशी तोडलेले सापडले. पाय का तोडले याचं एक उत्तर असं दिलं जातं की मेलेल्याने उठून जाऊ नये. पळून जाऊ नये, घरातच राहावं! आपल्याच महाराष्ट्रातल्या एका आईने, तीन हजार वर्षांपूर्वी, आपलं मूल ज्या जमिनीखाली ठेवलं त्याच जमिनीवर चूल पेटवली. तिला झोप लागत असेल तर कदाचित त्यामुळेच लागत असेल. हे मी सांगितलं तेव्हा वाचनालयात कुणी काही बोललं नाही. मागच्या रांगेतल्या एक मावशी मग म्हणाल्या, “सौराष्ट्रात शेताच्या बांधावर पाळिया असतो, त्याला नांगर लावत नाहीत, शेंदूर लावतात.” बरोबर आहे. लढाईत पडलेल्या वीराचा तो दगड कुणाच्या घराण्याचा ते पुष्कळदा विसरलेलं असतं, तरी त्याचा मान राहतो.

गुजरातेत क्लेट्रव्हलची हुबेहूब जोडी मला ठाऊक नाही, पण तिचे तुकडे आहेत. कच्छमधल्या जुना खाटिया इथे केरळ विद्यापीठ आणि कच्छ विद्यापीठाच्या लोकांना आद्य हडप्पा काळातलं प्रचंड दफनस्थळ मिळालं आहे. साधारण पाचशे कबरी, दगडांनी बांधून काढलेल्या, आत मातीची भांडी आणि शंखाच्या बांगड्या. हाडं मात्र फार थोडी टिकली आहेत. धोलावीराच्या दफनभूमीत दगडांच्या राशी आहेत, आणि एका मोठ्या अर्धगोल ढिगाखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या विटांच्या भिंती निघाल्या. त्याच धोलावीरात नगर ओस पडल्यावर शेवटी आलेल्या लोकांनी भुंगे, म्हणजे कच्छी पद्धतीची गोल घरं, बांधले आणि त्यासाठी दगड घेतला तो नगराच्याच पडक्या भिंतींचा. रणोत्सवाला गेलेल्यांनी भुंगा पाहिला असेल. जगप्रसिद्ध जलाशयांसमोर उभं राहून फोटो काढताना त्या शेवटच्या माणसांकडे कुणी वळून बघत नाही, याची मला खंत आहे. त्यांच्याकडे नगररचना नव्हती, पण राहायचं होतं.

आणि विदर्भ. नागपूरला नातेवाईक नाहीत असं वडोदऱ्यातलं मराठी घर क्वचितच. काटोल रस्त्यावर जुनापाणीला शेकडो शिलावर्तुळं आहेत: काळ्या दगडांचं वर्तुळ, आत माती-मुरमाची भर, तिच्याखाली लोहयुगातल्या माणसांचं दफन, लोखंडी अवजारं, आणि माहुरझरीसारख्या ठिकाणी घोड्याचे तांब्याचे अलंकारसुद्धा. ही वर्तुळं शेतीच्या, रस्त्याच्या आणि खडीच्या मागे लागून झपाट्याने नाहीशी झाली आहेत. मग कुणी म्हणेल, क्लेट्रव्हलच्या शेतकऱ्याचं कौतुक आणि आपल्या शेतकऱ्याला दोष, हे कसं? मी दोष देत नाही. वर्तुळातले दगड बांधावर नेऊन टाकणारा माणूस तेच करतो जे माणसं कायम करत आली. हाताने हलवलेला दगड फार लांब जात नाही, खालचं दफन शाबूत राहतं, आणि बांधातला तो दगड पुढच्या माणसाला काहीतरी सांगतो. जेसीबी एका सकाळीत वर्तुळ, भर, दफन आणि खालची माती एकत्र करून ट्रकमध्ये भरतो. त्यानंतर क्रम उरत नाही, आणि क्रम गेला की सगळंच गेलं.

शेतातली प्रत्येक दगडांची रास थडगं नसते, हेही सांगायला हवं. नांगराला आडवे येणारे दगड वेचून शेतकरी कडेला ढीग घालतोच. त्यात सगळे दगड हाताने उचलता येतील एवढेच असतात, कसेही टाकलेले. थडग्याच्या राशीला बहुधा कडेने मोठ्या दगडांची ओळ असते, एखादी शिळा उभी असते, ढीग नांगरल्या शेताच्या हिशेबाने बसलेला नसतो. शंका आली तर काही हलवू नका, फोटो काढा, जागा नोंदवा आणि जिल्ह्याच्या प्रशासनाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आपल्या सयाजीराव विद्यापीठातही १९५० पासून पुरातत्त्वाचा विभाग आहे. तिथे विचारलं तर समजावून सांगणारं माणूस भेटतं.

उत्खनन करणाऱ्यांपुढचा पेच मात्र तसाच राहतो. थडगं बघायचं तर वरचं घर काढावं लागतं, आणि काढलेलं घर परत बसवता येत नाही. हाउ इथे तो ढिगारा शेतीसाठी सपाट होणार होता, म्हणून १९७८ ते १९८२ या काळात त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं उकरलं, प्रत्येक थर नोंदवला, आणि आज तिथे बघायला काही नाही. जे आहे ते नकाशांत आणि अहवालात. भारतात महापाषाणीय, म्हणजे जुनापाणीसारख्या मोठ्या दगडांच्या, दफनांसाठी पुष्कळदा वेगळी वाट धरतात. वर्तुळाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन उकरायचे, दोन तसेच ठेवायचे. उकरलेल्या भागाच्या उभ्या कडेवर थरांचा क्रम वाचता येतो. उरलेल्या दोन भागांतल्या मातीतून पुढची पिढी अशा गोष्टी काढेल ज्या आज आपल्याला काढता येत नाहीत, जसं स्कॉट यांना कोळशातून वर्षं काढता येत नव्हती. क्लेट्रव्हलला घर आणि थडगं दोन्ही अजून टेकडीवर शेजारी शेजारी आहेत, आणि कुणाचा दगड कुठला ते बांधकाम नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनी सुद्धा बरंचसं ओळखू येतं.